शेजाऱ्याच्या छतावरच्या सोलरचा भार माझ्या बिलावर पडतो का?

प्रश्न असा आला आहे : "आम्ही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. समोरच्या बंगल्यांवर सोलर बसलं आणि त्यांचं बिल जवळपास शून्यावर आलं. आमचं मात्र वाढतंच आहे. त्यांच्या वाटणीचा वायरींचा खर्च आम्ही भरतोय का? आणि तसं असेल तर सोलरची सवलत बंद करायला नको का?"

मी बावीस वर्षं वीज वितरणात काढली, आधी लाईनवर आणि मग दरनिश्चितीच्या कागदांत. आता सोसायट्यांना सोलरबद्दल सल्ला देतो. म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. आधी सरळ उत्तर देतो. हो, काही भार तुमच्याकडे सरकतो. आज तो थोडा आहे, पण सोलर वाढेल तसा तोही वाढत जाईल. मात्र दोष पॅनेलचा नाही. वायरी, डीपी (वस्तीतला ट्रान्सफॉर्मर), सबस्टेशन आणि संध्याकाळची वीज हा सगळा खर्च आपण मुख्यतः युनिटमागे वसूल करतो, खरी गोम तिथे आहे. त्यामुळे सवलत बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

आता एका घराचा हिशेब मांडू. छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे महिन्याला साधारण ३६० युनिट तयार होतात. घराचा वापर ३५० युनिट. बिलावर दिसतं ते एवढंच : ३५० वजा ३६०, म्हणजे १० युनिट शिल्लक. स्थिर आकार भरला की झालं. पण नेट मीटरचं, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरचं, बटण दाबून दोन रीडिंग वेगवेगळी पाहा. इंपोर्टला २६० दिसतील आणि एक्सपोर्टला २७०. सोलरच्या ३६० युनिटांपैकी घरात त्याच वेळी वापरले गेले फक्त ९०. उरलेले २७० दुपारी बाहेर गेले आणि २६० संध्याकाळी, रात्री, पहाटे परत आले. ते त्याच वायरीतून, त्याच डीपीवरून आले. शून्य बिलाच्या घरानेही महिन्यात ५३० युनिटांची ये-जा कंपनीच्या वायरीवरून केलेली असते.

यातल्या ९० युनिटांबद्दल कोणाची तक्रार असू नये असं माझं ठाम मत आहे. ते एलईडी दिवे लावून वाचवलेल्या विजेसारखे आहेत. वीज वाचवल्याबद्दल आपण कोणाकडून दंड घेत नाही. वाद आहे तो २७० युनिट दुपारी देऊन २६० युनिट रात्री घेण्याचा. नेट मीटरिंगमध्ये ही अदलाबदल युनिटास युनिट होते, आणि त्या दोन युनिटांची किंमत सारखी नसते.

दुपारी एक वाजता महाराष्ट्रात सौर वीज भरपूर असते. मोठ्या सौर प्रकल्पांची वीज युनिटला ३ रुपयांच्या आसपास मिळते. संध्याकाळी सात वाजता सूर्य नसतो, पण घराघरांत दिवे, टीव्ही, एसी चालू होतात. तेव्हा कोळशाचे संच ताणावे लागतात, बाजारातून महाग वीज घ्यावी लागते, कोयना चालवावं लागतं. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट असली, तरी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. ते पाणी संध्याकाळसाठी राखून वापरावं लागतं. दुपारच्या युनिटच्या बदल्यात संध्याकाळचं युनिट देताना हा फरक कोणीतरी भरतो.

किती भरतो? आकडे केवळ समजण्यापुरते घ्या. समजा, त्या घराला लागू होणारा दर वहन आकार (वायरीतून वीज आणण्याचा युनिटमागचा आकार) धरून सरासरी १० रुपये आहे. दुपारी बाहेर आलेल्या युनिटचं मोल, वाचलेली गळती धरून, ४ रुपये. फरक ६ रुपये. २६० युनिटांवर तो १,५६० रुपये होतो. आता शंभर घरांची वस्ती घ्या. दोन घरांवर सोलर असेल तर ३,१२० रुपये उरलेल्या ९८ घरांत वाटले जातील, म्हणजे महिना ३२ रुपये. वीस घरांवर सोलर आलं की ३१,२०० रुपये ८० घरांत वाटायचे. म्हणजे महिना ३९० रुपये. इथे देणारेही कमी झाले आणि वाटायची रक्कमही वाढली, म्हणून आकडा दहापट न होता बारापट झाला.

प्रत्यक्षात हा भार शंभर घरांत नाही, पूर्ण वितरण क्षेत्रात आणि उद्योगांसकट सगळ्यांत पसरतो, त्यामुळे आज तुमच्या बिलात तो बारीक आहे. तुमचं बिल वाढण्यामागे वीजखरेदीचा खर्च, गळती, थकबाकी, जुन्या वर्षांची तूट ही कारणं कितीतरी मोठी आहेत. शेजाऱ्याच्या पॅनेलकडे बोट दाखवून ही कारणं झाकली जातात, याचं मला वाईट वाटतं. पण वीस घरांचं गणितही खोटं नाही. ज्या भागात बंगले आणि रो-हाऊस जास्त आहेत तिथे ते फार दूरही नाही.

यात आणखी एक पदर आहे, जो चर्चेत सहसा येत नाही. घरगुती दराचे टप्पे तुम्हाला माहीत आहेत : १०० युनिटांपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्याला दर पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी असतो. ती तूट वरच्या टप्प्यातले घरगुती ग्राहक, दुकानं आणि कारखाने भरून काढतात. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. विद्युत कायदा २००३ म्हणतो की ती हळूहळू कमी व्हावी. २०१६ च्या दर धोरणाने दर सरासरी खर्चाच्या अधिक-उणे २० टक्क्यांच्या आत आणायला सांगितलं. आता सोलर आधी कोण लावतो? ज्याचं बिल मोठं, ज्याचं छत स्वतःचं आणि ज्याला बँक कर्ज देते तो. म्हणजे जो वरच्या टप्प्यातून गरिबाचा भार उचलत होता, तोच आधी बाहेर पडतो. त्याची यात चूक नाही. चढा दर लावून आपणच त्याला बाहेर जायला कारण दिलं. पण ४० युनिट जाळणाऱ्या एका खोलीच्या घराचा आधार मात्र त्याच्याबरोबर सुटतो.

पैशांबरोबर वायरीचाही विचार करायला हवा. एका एप्रिलमध्ये भर दुपारी मी एका कॉलनीत तक्रार बघायला गेलो होतो. सोलर वारंवार बंद पडतं, इन्व्हर्टर खराब आहे, असं मालकाचं म्हणणं. जनमित्राने (लाईनमनने) टोंग टेस्टर, म्हणजे वीज मोजायचं चिमट्यासारखं यंत्र, लावला. डीपीकडून निघालेली शेवटच्या टोकाची लाईन, त्यावर ओळीने सात-आठ सोलर, सगळे घराबाहेर वीज ढकलत होते आणि घेणारं कोणी नव्हतं. मंडळी ऑफिसात. व्होल्टेज २५६. इन्व्हर्टर अगदी बरोबर काम करत होता, मर्यादा ओलांडली की त्याने बंद व्हायचंच असतं. त्याच डीपीवर मी मुद्दाम रात्री साडेआठला परत गेलो. भार सोलर यायच्या आधी होता तेवढाच, उलट एसी वाढल्याने थोडा जास्तच. म्हणजे छतावर सोलर आलं म्हणून डीपी लहान करता आला नाही, वर दुपारसाठी लाईन सुधारावी लागली ती वेगळीच. ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी असं बळकटीकरण वितरण कंपनीने आपल्या खर्चाने करायचं, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. छोट्या ग्राहकाला त्याने मोठा दिलासा मिळाला, हे चांगलंच झालं. पण कंपनीचा खर्च म्हणजे शेवटी दरात येणारा खर्च, हे त्याबरोबर कोणी सांगत नाही.

मग सवलतच का बंद करू नये? कारण सोलरमुळे सगळ्यांचं भलंही होतं. दुपारी जागच्या जागी तयार झालेली वीज चंद्रपूरहून ओढून आणावी लागत नाही, गळती वाचते. घरमालक स्वतःच्या पैशाने क्षमता उभारतो, तेवढं कर्ज कंपनीला काढावं लागत नाही. कोळसा कमी जळतो. आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं ते केंद्राच्या तिजोरीतून, तुमच्या वीजबिलातून नाही. हे दोन हिशेब लोक नेहमी एक करतात. अनुदान करातून येतं, नेट मीटरिंगचा फरक दरातून. पहिल्याबद्दल संसदेत विचारावं लागेल, दुसऱ्याबद्दल वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत.

बाहेरच्या अनुभवातून एक गोष्ट मी नक्की शिकलो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने डिसेंबर २०१५ मध्ये नेट मीटरिंगमध्ये बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला पाडला आणि हा बदल आधी सोलर लावलेल्यांनाही लागू केला. लोक खवळले, सोलर कंपन्यांनी राज्यातलं काम थांबवलं, आणि वर्षभरात जुन्या ग्राहकांना जुने नियम परत द्यावे लागले. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठी बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला, पण जुन्यांना हात लावला नाही. तिथेही नव्या छतांचा वेग पडला, पण सोबत बॅटरी लावणारे वाढले. म्हणजे नियम बदलायचा तर पुढच्यासाठी बदला. ज्याने आजच्या नियमावर विसंबून कर्ज काढलं, त्याचा गळा कापू नका. महाराष्ट्रात कोणी तसं सुचवलं तर मी सुनावणीत उभा राहून विरोध करीन.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. राज्य आयोगाचे नेट मीटरिंगचे पहिले नियम २०१५ चे. २०१९ च्या नव्या मसुद्यात नेट मीटरिंग छोट्या घरगुती ग्राहकांपुरतं ठेवून इतरांना नेट बिलिंग सुचवलं होतं. नेट बिलिंग म्हणजे बाहेर दिलेलं युनिट ठरलेल्या कमी दराने विकत घेणं. त्याला मोठा विरोध झाला आणि अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकलं. त्याबरोबर ग्रीड सपोर्ट आकार, म्हणजे ग्रीडच्या वापराबद्दल सोलरवाल्याकडून घ्यायचा आकार, लावण्याची सोय ठेवली गेली, पण १० किलोवॅटपर्यंतच्या छोट्या ग्राहकांना त्यातून वगळलं. ही रेषा मला पटते. ३ किलोवॅटचं घर आणि कारखान्याच्या शेडवरचे ३०० किलोवॅट यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

वितरण कंपन्यांना सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे स्थिर आकार वाढवणं. कागदावर तो अगदी सरळ दिसतो : वायरीचा खर्च स्थिर, तर वसुलीही स्थिर. पण सरसकट स्थिर आकार वाढवला तर ४० युनिटांच्या घराचं बिल टक्केवारीत सगळ्यात जास्त वाढतं आणि बंगल्याला ते जाणवतही नाही. ज्याच्या न्यायासाठी हे चाललंय त्याच्याच पाठीवर ओझं. म्हणून स्थिर आकार वाढवायचाच असेल तर तो मंजूर भाराप्रमाणे चढता हवा, आणि १०० युनिटांच्या आतल्या घरांना त्यातून बाहेर ठेवायला हवं.

मला खरा मार्ग वेळेच्या दरात दिसतो. केंद्राने २०२३ मध्ये नियम केला : सौर तासांत दर १० ते २० टक्के कमी, संध्याकाळच्या कमाल मागणीत व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट आणि शेती सोडून इतरांना किमान १.१ पट. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. भाडेकरूलाही सौर विजेचा थेट फायदा पोचवणारं हे पहिलं पाऊल आहे, छत लागत नाही. पण घरातली सगळी माणसं नऊला बाहेर पडून सातला परतत असतील तर त्या ८० पैशांचा उपयोग फ्रिजपुरताच. ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायला हवं.

छतावरच्या विजेलाही हाच न्याय लावावा. मोठ्या ग्राहकांचं दुपारचं युनिट दुपारच्याच वापरातून वळतं करा, आणि संध्याकाळी बॅटरीतून युनिट दिलं तर त्याला चांगला जास्त भाव द्या. आज घरमालकाला बॅटरी लावायचं कारणच उरत नाही, कारण ग्रीड हीच त्याची फुकट बॅटरी आहे. ३ किलोवॅटपर्यंतच्या घरांना मात्र अजून काही वर्षं साधं नेट मीटरिंग राहू द्या. ती वर्षं सरली की नव्या ग्राहकांनी परत घेतलेल्या युनिटवर निदान वहन आकार तरी भरावा. वरच्या उदाहरणात तो २६० युनिटांवर लागेल. सोलरचा फायदा त्याने कमी होतो, संपत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बंगलेवाल्यांना मी हे तोंडावर सांगतो. काहींना राग येतो, पण हिशेब मांडला की बहुतेकांना पटतं.

दुपारची जास्तीची वीज खपवायची कुठे, यालाही महाराष्ट्राजवळ उत्तर आहे, आणि ते शेतात आहे. आपल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं रात्रीच्या पाळीत पाणी धरलं आहे, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर (सबस्टेशनहून पंपांकडे जाणाऱ्या लाईनी) सौर विजेवर आणून दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे. राळेगणसिद्धीपासून त्याची सुरुवात झाली. पंपांचा भार रात्रीतून दुपारी आला की स्वस्त वीज वापरली जाते आणि शेतीवरच्या क्रॉस सबसिडीचा बोजाही हलका होतो. तुमच्या बिलाच्या दृष्टीने शहरातल्या छतांच्या वादापेक्षा ह्याचा परिणाम मोठा आहे, असं मी दरांची कोष्टकं पाहून सांगतो.

ज्यांना छत नाही त्यांना सोलरमध्ये वाटा कसा मिळणार? एक वाट राज्याने २०२५ मध्ये काढलेल्या 'स्मार्ट' योजनेची. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिना १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचं अनुदान मिळतं. पण त्यांनाही स्वतःचं छत लागतंच. दुसरी वाट सामाईक प्रकल्पाची, म्हणजे पॅनेल एका जागी आणि युनिटांची वाटणी अनेकांच्या बिलांत. दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक नियम केले. भाडेकरू घर बदलेल तेव्हा त्याचा वाटा त्याच्या नव्या मीटरवर गेला पाहिजे. हे होईपर्यंत मी ही योजना अर्धीच मानतो.

तिसरी वाट तुमच्या हातात आहे, आणि तिचा मला चांगला अनुभव आहे. एका ४० फ्लॅटच्या सोसायटीत टेरेसवर कोणाचा हक्क यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या चौघांना आपापल्या मीटरवर सोलर हवं होतं. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव झाला की पहिला हक्क सामाईक मीटरचा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे, सगळं १२ किलोवॅटवर. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, ते घेतले. मग आणखी एक साधी गोष्ट केली : टाकी भरायचा पंप सकाळी सहाऐवजी अकरा ते दोनमध्ये चालवायचा. वॉचमनकाका आधी कुरकुरले, कारण सकाळच्या गर्दीच्या वेळी टाकी रिकामी राहील अशी त्यांना भीती होती. दुपारी भरलेली टाकी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरते हे आठवडाभरात दिसलं. आता त्या सोलरची बहुतेक वीज आवारातच खपते, बाहेर जाऊन परत येणारी थोडीच उरते, म्हणजे इतर ग्राहकांवर सरकणारा भारही थोडाच. देखभाल खर्च सगळ्या ४० फ्लॅटचा सारखा उतरला, त्यात भाड्याने राहणारी अकरा कुटुंबंही आली. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उत्पादन बरंच खाली येतं हे मात्र आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर जुलैच्या बिलावरून परत भांडण.

आणि पुढच्या दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग सूचना-हरकती मागवेल तेव्हा एक पानाचं पत्र नक्की पाठवा. वकील लागत नाही, मराठीत चालतं. एवढंच विचारा : नेट मीटरिंगमुळे किती महसूल घटला, वीजखरेदीत आणि गळतीत किती वाचलं, आणि उरलेला फरक कोणत्या गटाच्या दरात किती पैशांनी टाकला, हे एका कोष्टकात द्या. मी इतकी वर्षं हे कागद चाळतो आहे. हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडलेले असले तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

तुमच्या सोसायटीचं सामाईक मीटरचं मागच्या बारा महिन्यांचं बिल काढा आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली न येणारी टेरेसची जागा मोजा. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली वगळून किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट धरा. हे दोन आकडे कळवलेत तर किती किलोवॅट पुरेल आणि पंपाची वेळ कोणती ठेवावी, ते मी मांडून देईन.